पेढीचे टपाल अडते तेव्हा

एकेकाळी व्यापारी पेढीवर टपाल दिवसातून एक-दोनदा येत असे. दिवाणजी पाकिटे उघडून भावाची पत्रे, रेल्वेच्या पावत्या आणि हुंड्या वेगवेगळ्या करीत आणि संध्याकाळी दुकान वाढवण्यापूर्वी उत्तरे लिहून टाकीत. आज तेच काम संगणकावरील ई-मेल प्रोग्राम करतो. दराची विचारणा, मालाच्या नमुन्याचे छायाचित्र, परगावच्या ग्राहकाची ऑर्डर, बँकेचे विवरणपत्र, सनदी लेखापालांची सूचना, हे सारे त्याच एका खिडकीतून येते आणि जाते. त्यामुळे हा प्रोग्राम एखाद्या सकाळी रुसला की पेढीचे अर्धे कामकाज थांबते. मालक अस्वस्थ होतात, मुलावर किंवा संगणक सांभाळणाऱ्या नोकरावर शब्द जातात आणि घाईघाईत कोणीतरी एखादी फाइल पुसून टाकतो. मूळ बिघाड बहुधा दहा मिनिटांत सुटण्यासारखा असतो. घाईने केलेले नुकसान मात्र कधीकधी भरून निघत नाही.

आपल्या पेढ्यांवर या कामासाठी सर्वाधिक दिसतो तो मायक्रोसॉफ्टचा आउटलुक. काही ठिकाणी मोझिलाचा थंडरबर्ड वापरला जातो. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००४ साली आली आणि तो विनामूल्य आहे. मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये टपाल पाहता येत असूनही पेढ्यांनी असे प्रोग्राम सोडलेले नाहीत. विक्री, खरेदी आणि हिशेब यांचे निरनिराळे पत्ते एकाच खिडकीत पाहता येतात, वर्षानुवर्षांची पत्रे आपल्याच संगणकात राहतात आणि इंटरनेट बंद असले तरी जुने पत्र उघडता येते. या सोयींबरोबर पत्रे सांभाळण्याची जबाबदारीही पेढीवर येते, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात नसते.

पहिला प्रश्न : पत्र अडले कोठे?

ई-मेलचा प्रवास तीन ठिकाणांचा आहे. पहिले ठिकाण म्हणजे पेढीचा संगणक, दुसरे म्हणजे इंटरनेटची वाट आणि तिसरे म्हणजे ज्या कंपनीकडे खाते आहे तिचा सर्व्हर. बिघाड या तिन्हींपैकी नेमका कोठे आहे हे ठरल्याशिवाय कोणत्याही सेटिंगला हात लावू नये.

हे ठरवण्याची कसोटी सोपी आहे. तेच खाते ब्राउझरमधून किंवा मोबाइलवरून उघडावे. तेथे नवी पत्रे दिसत असतील आणि पत्र पाठवताही येत असेल, तर सर्व्हर ठीक आहे आणि दोष पेढीच्या संगणकात आहे. तेथेही पत्र दिसत नसेल, तर संगणकाशी झटापट करण्यात अर्थ नाही. खाते देणाऱ्या कंपनीशी बोलावे. आणि त्या संगणकावर कोणतेच संकेतस्थळ उघडत नसेल, तर प्रश्न इंटरनेटचा आहे. या एका कसोटीने बहुतेक वेळा निम्मा शोध संपतो.

पेढीच्या स्वतःच्या नावाचा पत्ता असेल आणि एके दिवशी सर्वांचेच टपाल एकदम बंद पडले असेल, तर डोमेनचे वार्षिक नूतनीकरण राहिले आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. अनेक ठिकाणी डोमेनची नोंदणी संकेतस्थळ तयार करून देणाऱ्याच्या खात्यातून झालेली असते आणि मुदत संपल्याची सूचना त्याच्याकडे जाते. दुकानाच्या जागेचा करारनामा जसा मालकाच्या नावे असतो, तशी डोमेनची नोंदणीही पेढीच्या नावे आणि पेढीच्याच खात्यात असावी.

पत्र जात नाही

सर्वाधिक तक्रार असते ती आउटबॉक्समध्ये अडकलेल्या पत्राची. प्रथम खिडकीच्या तळाची पट्टी पाहावी. तेथे 'वर्किंग ऑफलाइन' असे लिहिलेले असेल, तर 'सेंड/रिसीव्ह' या विभागात जाऊन 'वर्क ऑफलाइन' हे बटण एकदा दाबावे. चुकून दाबलेल्या याच बटणामुळे कित्येक पेढ्यांचे टपाल तासन्‌तास खोळंबते.

दुसरे कारण जोडलेल्या फाइलच्या आकाराचे असते. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. आउटलुक साधारण इंटरनेट खात्यांसाठी मुळात २० एमबीची मर्यादा ठेवतो. शिवाय पत्रासोबत जाताना फाइलचे रूपांतर होते आणि तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. म्हणून १८ एमबीचा कॅटलॉग वाटेत २४ एमबीचा होतो आणि समोरच्या सर्व्हरची मर्यादा कमी असेल तर परत येतो. असा कॅटलॉग गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर ठेवून पत्रात केवळ दुवा द्यावा. अडकलेले पत्र काढताना आधी 'वर्क ऑफलाइन' दाबावे, पत्र ड्राफ्ट्समध्ये ओढून न्यावे, फाइल काढावी आणि मग पुन्हा ऑनलाइन व्हावे.

तिसरे कारण थोडे गमतीचे आहे. आउटबॉक्समधील पत्र सहज उघडून पाहिले आणि 'सेंड' न दाबता बंद केले, तर आउटलुक ते पाठवायचे राहिलेले पत्र समजत नाही. ते तेथेच पडून राहते. ते उघडून पुन्हा 'सेंड' दाबले की निघून जाते.

पत्रे येतात पण जात नाहीत, असा एकेरी बिघाड असेल तर जाणाऱ्या सर्व्हरच्या सेटिंगकडे पाहावे. जाणाऱ्या टपालासाठी ५८७ किंवा ४६५ हा पोर्ट लागतो; जुन्या खात्यांमध्ये अजूनही २५ हा आकडा आढळतो आणि तो अनेक इंटरनेट कंपन्या अडवतात. 'माय आउटगोइंग सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन' या ओळीपुढे खूण असणेही आवश्यक आहे. येणाऱ्या टपालासाठी आयमॅप पद्धतीत ९९३ आणि पॉप पद्धतीत ९९५ हे आकडे सर्रास वापरले जातात.

पत्र येत नाही

ग्राहक सांगतो, 'शेठ, काल रात्रीच पाठवले.' पेढीवर मात्र पत्र नाही. अशा वेळी ग्राहकाच्या सचोटीवर शंका घेण्यापूर्वी चार जागा पाहाव्यात. पहिली जागा जंक किंवा स्पॅम फोल्डरची. दुसरी खात्याच्या साठवणुकीची. जीमेलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते, पण ती ई-मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत वाटलेली असते. लग्नाची छायाचित्रे त्याच खात्यात साठली की व्यापाराचे टपाल परत जाऊ लागते. पेढीचे खाते आणि घरचे खाते वेगळे ठेवण्याचे हे एक सबळ कारण आहे. तिसरी जागा 'रूल्स' म्हणजे आपोआप चालणाऱ्या नियमांची. जुन्या काळी कोणी तयार केलेला नियम पत्र भलत्याच फोल्डरमध्ये टाकत असतो.

चौथी जागा पेढीवरच्या दुसऱ्या संगणकाची. पॉप पद्धतीत संगणक पत्र सर्व्हरवरून उतरवून घेतो. सर्व्हरवर प्रत ठेवण्याचा पर्याय निवडलेला नसेल, तर गोदामातील संगणकाने उतरवलेले पत्र गादीवरच्या संगणकाला कधीच दिसणार नाही. आयमॅप पद्धतीत पत्रे सर्व्हरवरच राहतात आणि सर्व ठिकाणी सारखी दिसतात. दोन भाऊ, दोन संगणक आणि एक मोबाइल अशी मांडणी असेल तेथे आयमॅप हाच योग्य मार्ग होय.

पासवर्ड पुन्हा पुन्हा मागतो

पासवर्ड बरोबर असूनही प्रोग्राम तो स्वीकारत नाही, ही तक्रार अलीकडे वाढण्यामागे ठोस कारण आहे. केवळ नाव आणि पासवर्ड यांवर बाहेरच्या प्रोग्रामला प्रवेश देणे मोठ्या कंपन्यांनी थांबवले आहे. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ही सवलत ३० मे २०२२ पासून काढून घेतली. मायक्रोसॉफ्टने आपल्या वैयक्तिक ई-मेल खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून. आता प्रोग्राम कंपनीचे स्वतःचे प्रवेशपान उघडतो आणि तेथे परवानगी द्यावी लागते. जुन्या आउटलुकला हे जमत नाही. जीमेलच्या बाबतीत दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा 'अॅप पासवर्ड' घेता येतो आणि तो नेहमीच्या पासवर्डच्या जागी टाकता येतो. मुख्य पासवर्ड बदलला की हा अॅप पासवर्ड रद्द होतो, हेही लक्षात ठेवावे. नाहीतर महिन्याभराने तोच घोळ पुन्हा उद्भवतो.

सुरक्षा-प्रमाणपत्राविषयी इशारा येत असेल तर आधी घड्याळाकडे पाहावे. जुन्या संगणकातील नाण्याएवढी बॅटरी संपली की दिवसाची तारीख काही वर्षे मागे जाते आणि सर्व्हरचे प्रमाणपत्र संगणकाला अवैध वाटू लागते. थोड्या रुपयांची बॅटरी बदलली की इशारा थांबतो. तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल, तर मात्र डोळे झाकून 'यस' दाबू नये.

येथेच जुन्या आवृत्त्यांविषयीही सांगणे आवश्यक आहे. विंडोज १०, ऑफिस २०१६ आणि ऑफिस २०१९ यांचा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ते प्रोग्राम त्या दिवशी बंद पडले नाहीत, पण ऑफिसच्या त्या आवृत्त्यांना सुरक्षेच्या सुधारणा मिळणे थांबले; विंडोज १० ला त्या वाढीव योजनेत नाव नोंदवले तरच आणि ठरावीक मुदतीपुरत्या मिळतात. ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार होतात तेथे हा विचार पुढे ढकलू नये.

उघडत नाही, किंवा फार सावकाश चालतो

आउटलुक उघडताना अडकत असेल तर कीबोर्डवरील कंट्रोल कळ दाबून ठेवून त्याच्या चिन्हावर दोनदा क्लिक करावे. 'सेफ मोडमध्ये सुरू करायचे का' असे तो विचारतो, होकार द्यावा. या पद्धतीत तो व्यवस्थित उघडला तर दोष बहुधा त्याला जोडलेल्या एखाद्या पूरक प्रोग्रामचा, म्हणजे 'अॅड-इन'चा असतो. 'फाइल', 'ऑप्शन्स', 'अॅड-इन्स' या मार्गाने जाऊन एकेक पूरक बंद करून पाहावा. तरीही सुधारणा झाली नाही तर कंट्रोल पॅनेलमधील 'मेल' या चिन्हातून नवे प्रोफाइल तयार करता येते. जुने प्रोफाइल मात्र काही दिवस तसेच राहू द्यावे.

जुने पत्र शोधूनही सापडत नसेल तर ते गेले असे समजू नये. अनेकदा केवळ शोधसूची बिघडलेली असते. 'ऑप्शन्स'मधील 'सर्च' विभागात 'इंडेक्सिंग ऑप्शन्स' आणि तेथून 'रीबिल्ड' निवडावे. सूची पुन्हा तयार व्हायला काही तास लागतात, म्हणून हे काम रात्री दुकान वाढवताना सुरू करावे. थंडरबर्डमध्ये फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'रिपेअर फोल्डर' हा पर्याय हेच काम करतो.

पेढीची खरी चोपडी : एक फाइल

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. पॉप पद्धतीने घेतलेली सारी पत्रे आउटलुक एका फाइलमध्ये साठवतो. तिच्या नावाच्या शेवटी पीएसटी ही अक्षरे असतात आणि बहुधा ती 'डॉक्युमेंट्स'मधील 'आउटलुक फाइल्स' या फोल्डरमध्ये सापडते. दुसरी फाइल ओएसटी नावाची; ती सर्व्हरवरील पत्रांची संगणकातील छाया असते. ओएसटी बिघडली तर तिचे नाव बदलून आउटलुक पुन्हा उघडता येतो आणि सर्व्हरवरून ती नव्याने तयार होते. मात्र 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' असे लिहिलेले पत्ते आणि नोंदी आधी बाहेर काढून ठेवाव्यात. पीएसटीला असा कोणताही आधार नाही. ती गेली की पत्रे गेली.

समजा, हळदीच्या एखाद्या पेढीने दहा-बारा वर्षे पॉप पद्धत वापरली आहे. आउटलुकमध्ये सर्व्हरवरील प्रत १४ दिवसांनी काढून टाकण्याचा पर्याय मुळातच निवडलेला असतो आणि तो कोणी बदललेला नाही. संगणक मंद झाला म्हणून दुरुस्ती करणाऱ्याला बोलावले. त्याने विंडोज नव्याने टाकले, सी ड्राइव्ह कोरा केला आणि त्याच पत्त्यावर खाते जोडून दिले. इनबॉक्समध्ये केवळ गेल्या पंधरवड्याची पत्रे आली. बारा वर्षांचा पत्रव्यवहार, त्यात एका निर्यातदाराने मालाचा दर्जा मान्य केल्याचे पत्र आणि सव्वा लाखाच्या उधारीची कबुली, सगळे नाहीसे झाले. यात दुरुस्ती करणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. पत्रे कोठे असतात हे त्याला पेढीवर कोणी सांगितले नाही आणि त्यानेही विचारले नाही. अशा वेळी संगणकाचा वापर ताबडतोब थांबवून माहिती परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडे डिस्क न्यावी. वापर चालू राहिला की जुन्या मजकुरावर नवा लिहिला जातो आणि उरलेली आशाही संपते.

पीएसटी फाइल बिघडण्याची कारणेही ठाऊक असावीत. चालू संगणकाची वीज अचानक जाणे, हे आपल्याकडील नेहमीचे कारण. यूपीएस त्यासाठीच असतो. फाइल फार मोठी होणे, हे दुसरे. २००२ पर्यंतच्या आउटलुकमध्ये तिची मर्यादा केवळ २ जीबी होती. २०१० पासून ती ५० जीबी आहे. मर्यादेच्या जवळ गेलेली फाइल जड आणि नाजूक होते, म्हणून दर आर्थिक वर्षासाठी स्वतंत्र पीएसटी ठेवणे श्रेयस्कर. चोपड्या आपण वर्षागणिक बदलतोच. तिसरे कारण म्हणजे ही फाइल वनड्राइव्हसारख्या सतत जुळवणी करणाऱ्या फोल्डरमध्ये किंवा नेटवर्कवरील सामायिक डिस्कवर ठेवून तेथूनच वापरणे. मायक्रोसॉफ्ट स्वतः असे न करण्याचा सल्ला देतो.

बिघडलेल्या पीएसटीसाठी ऑफिससोबतच 'स्कॅनपीएसटी' नावाचे दुरुस्तीचे साधन येते. ते वापरण्याचा क्रम असा. आउटलुक पूर्ण बंद करावा. पीएसटी फाइलची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. मग साधन उघडून फाइल निवडावी, दुरुस्तीपूर्वी प्रत ठेवण्याची खूण तशीच राहू द्यावी आणि दुरुस्ती सुरू करावी. दोष सापडेनासे होईपर्यंत ते पुन्हा पुन्हा चालवावे लागते. सुटी सापडलेली पत्रे ते 'लॉस्ट अँड फाउंड' अशा वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते. आधी प्रत, मग निदान, शेवटी दुरुस्ती. हा क्रम उलटा झाला की नुकसान ठरलेले.

एकाच ठिकाणी असलेल्या एकमेव प्रतीचा धोका जैन समाजाला नवा नाही. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्रांवरील प्रती शतकानुशतके मूडबिद्रीच्या एका भांडारात होत्या. सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्यासारख्यांच्या प्रयत्नाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्या नकला करण्याचे काम सुरू झाले आणि १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेला पहिला छापील खंड अमरावतीहून प्रसिद्ध झाला. एका भांडारात जपलेले ज्ञान नकलांमुळे सर्वांपर्यंत पोचले आणि सुरक्षितही झाले. पेढीच्या पत्रांची तुलना आगमांशी होऊ शकत नाही, हे उघड आहे; पण जपणुकीचा नियम दोन्हीकडे एकच आहे.

व्यवहारात तो असा पाळावा : एक प्रत संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी घरी किंवा ऑनलाइन साठवणुकीत. बाहेरची डिस्क प्रत घेतल्यावर काढून ठेवावी. ती जोडलेलीच राहिली तर खंडणीखोर विषाणू तिच्यातील फायलीही कुलूपबंद करतो. प्रत घेताना आउटलुक बंद असावा आणि वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.

कायद्याच्या दृष्टीनेही हे मोलाचे आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाचे दस्तऐवज वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. तसेच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात मांडताना विहित प्रमाणपत्र लागते. म्हणून महत्त्वाच्या पत्राची छापील प्रत काढून मूळ पत्र पुसून टाकण्याची सवय सोडावी.

न वाचता येणारे पत्र

समोरच्याला बिलाऐवजी 'विनमेल डॅट' नावाची न उघडणारी फाइल मिळते, अशी तक्रार आली तर दोष पाठवणाऱ्याच्या आउटलुकमध्ये असतो. पत्र 'रिच टेक्स्ट' प्रकारात गेलेले असते. 'ऑप्शन्स'मधील 'मेल' विभागात इंटरनेटवरील पत्त्यांसाठी 'कन्व्हर्ट टू एचटीएमएल' निवडावे. मराठी, हिंदी किंवा गुजराती मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसत असेल, तर पत्र जुन्या खासगी फॉण्टमध्ये लिहिलेले आहे. तो फॉण्ट ज्याच्याकडे नाही त्याला ते वाचता येत नाही. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर सर्वत्र सारखाच दिसतो.

बिघाड भासत नाही असा बिघाड

आतापर्यंतचे दोष त्रास देतात, म्हणून लक्षात येतात. एक दोष मात्र काहीच त्रास देत नाही आणि तोच सर्वांत महाग पडतो. पासवर्ड चोरून खात्यात शिरलेला भामटा लगेच काही करत नाही. तो खात्यात एक नियम तयार करतो : बिल किंवा पेमेंट असा शब्द असलेले पत्र बाहेरच्या पत्त्यावर पाठवायचे आणि येथे एखाद्या न उघडल्या जाणाऱ्या फोल्डरमध्ये दडवायचे. काही दिवस व्यवहार वाचून तो योग्य वेळी पुरवठादाराच्या नावाने लिहितो : आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी. मजकूर ओळखीचा असतो, बिलाची रक्कमही बरोबर असते. पत्त्यात एखादेच अक्षर वेगळे असते. इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी लिहिले की घाईत फरक दिसत नाही. पेढी पैसे भरते आणि महिन्याने खरा पुरवठादार विचारतो, 'शेठ, बिल अजून बाकी आहे.' तेव्हा रकमेबरोबर दोन पिढ्यांचा परस्परविश्वासही डळमळतो.

यावर उपाय साधे आहेत. आउटलुकमधील 'रूल्स' आणि ब्राउझरमधून उघडलेल्या खात्यातील फिल्टर व फॉरवर्डिंग, या दोन्ही जागा दर महिन्याला पाहाव्यात. भामट्याचा नियम सर्व्हरवर असेल तर संगणक बदलूनही तो चालूच राहतो. दोन टप्प्यांची पडताळणी प्रत्येक खात्याला असावी. बँक खाते बदलल्याचे कोणतेही पत्र आले, तर वहीत आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी. त्या पत्रात दिलेल्या क्रमांकावर कधीही करू नये. पत्ता टाइप करताना आउटलुक जुनी नावे सुचवतो, त्यांतील चुकीचे नाव शेजारच्या फुलीवर क्लिक करून काढून टाकावे. आणि रक्कम गेलीच, तर संकोच न करता त्याच क्षणी बँकेला आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम पुढे जाण्यापूर्वी गोठवली जाण्याची शक्यता असते. लाजेपोटी घालवलेला दिवस भामट्याच्या उपयोगी पडतो.

पेढीवरचे पडिलेहण

साधू-साध्वी आपली वस्त्रे आणि पात्रे रोज ठरलेल्या वेळी बारकाईने निरखून पाहतात. त्यात काही दोष आढळलाच पाहिजे असे नसते. सावधपणे पाहणे हेच त्या पडिलेहणाचे सार आहे. त्यामागची दृष्टी अहिंसेची आहे आणि तिची उंची निराळी आहे, तरी यतनेची ती सवय श्रावकाने व्यवहारात आणण्यास काय हरकत आहे? रोज सकाळी आउटबॉक्स आणि जंक फोल्डर पाहणे, दर शनिवारी पीएसटीची प्रत घेणे, दर महिन्याला नियम आणि साठवणूक तपासणे, एवढ्याला फार तर अर्धा तास लागतो. प्रती उघडून पाहण्याच्या वार्षिक कामासाठी दिवसही ठरलेलाच आहे. कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे ज्ञानपंचमीला, तसेच ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, म्हणजे श्रुतपंचमीला, ग्रंथ बाहेर काढून, पुसून, नवी वेष्टने घालण्याची परंपरा आहे. घरातील ग्रंथांची सेवा झाली की त्याच दिवशी पेढीच्या पत्रांकडेही एक नजर टाकावी.

दिवाणजींनी एक छोटी वही करावी. तिच्यात प्रत्येक खात्याची पद्धत, पीएसटी फाइलची जागा, डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख, शेवटची प्रत कधी घेतली तो दिवस आणि ती कोणाकडे आहे त्याचे नाव लिहावे. पासवर्ड मात्र या वहीत लिहू नयेत. ते मालकांकडे वेगळे असावेत. दुरुस्ती करणारा आला की आधी ही वही त्याच्यापुढे ठेवावी आणि प्रत घेतल्याची खात्री झाल्यावरच संगणक त्याच्या हाती द्यावा.